उतारावरचे चौदा गोल

शाळेचा शिपाई बारा केरसुण्या परत घेऊन आला, तेव्हा आक्का अंगणात सुतळी भिजवत बसली होती. त्यानं सायकलच्या कॅरिअरवरचा गठ्ठा सोडला, भिंतीला नीट टेकवून ठेवला आणि प्यायला पाणी मागितलं. तहान काही लागलेली नव्हती. काय बोलायचं ते जुळवायला त्याला जरा वेळ हवा होता, हे आक्काला कळलं. पाणी पिऊन झाल्यावर तो म्हणाला की केरसुण्या दिसायला झकास आहेत, बांधणीत तर नाव ठेवायला जागा नाही, पण दोन वर्ग झाडले की निम्म्या काड्या वर्गातच पडतात. मग त्या गोळा करायला दुसरी केरसुणी लागते आणि मुलं हसतात.

आक्कानं गठ्ठ्यातली एक केरसुणी ओढली आणि तळहातावर दोनदा आपटली. चार काड्या तुटून मांडीवर पडल्या.

"काडीच तशी आली यंदा," ती म्हणाली.

"पाऊस तर चांगला झाला की."

"झाला ना."

शिपाई सायकल हातात धरून रस्त्यापर्यंत चालत गेला आणि मगच बसला. तीस वर्षं आक्का केरसुण्या बांधत होती. झिजून बुंधा राहिला तरी लोक तिची केरसुणी टाकायचे नाहीत, चूल झाडायला ठेवायचे. परत आणलेली ही पहिलीच. सून दारात उभी राहून सगळं ऐकत होती. तिनं गठ्ठा उचलून आत नेला आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेला पडणार नाही असा पोत्यांमागं सरकवला. ह्या पोरीला न सांगता कळतं, असं आक्काच्या मनात आलं, आणि नेमकं त्या वेळी तिला ते नको होतं.

चूक आपलीच आहे, हे तिला ठाऊक होतं. त्या केरसुण्यांत तिनं सरकारी गवत घातलं होतं.

घरामागून चढत जाणारा उतार आक्काचा, म्हणजे नवऱ्याच्या वाटणीला आलेला. ओढ्यापलीकडचा सपाट तुकडा धाकट्या दिराचा. मुलूख सगळा कोरडा. वर्षाकाठी पाच-सात सरी पडल्या तर पडल्या, बाकी ऊन आणि वारा. उतारावरची माती भुरकट, खड्यांची. तिथं पेरलेलं कधी काही उगवलं नाही, पण सुयाळी, केरसुण्यांचं गवत, मात्र न पेरता यायची. एक ठोंब, मग हातभर उघडी माती, मग दुसरा ठोंब. सुईसारखी बारीक, लांब काडी, बोटाला गुंडाळली तरी मोडायची नाही. सासूनं आक्काला लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात विळा हातात देऊन शिकवलं होतं की ठोंब मुळापासून कापायचा नाही, चार बोटं राखायची.

सरकारी गवताचं खरं नाव कुणालाच माहीत नव्हतं. चाळीस वर्षांपूर्वी कुठल्याशा खात्याची माणसं ट्रॅक्टर घेऊन आली आणि जनावरांना चारा व्हावा म्हणून ओढ्याच्या काठानं ते पेरून गेली. हिरवं असताना कमरेएवढं वाढायचं, वाळलं की मटामटा तुटायचं. किती तरी वर्षं ते बापडं खालीच राहिलं होतं. मग हळूहळू चढायला लागलं. ते चढेल तशी आक्का त्याच्या पुढं वर सरकत गेली. पूर्वी दारापासून दहा पावलांवर जेवढी सुयाळी कापली जायची तेवढी यंदा तिला पार माथ्यावर जाऊन, दुखरा गुडघा दोन्ही हातांनी उचलत, दोन दिवसांत गोळा करावी लागली. ती पुरेना. म्हणून तिनं आतल्या बाजूनं सरकारी काडी भरली आणि वरून सुयाळी लावली. बांधताना तिनं सुनेकडं पाहिलं नव्हतं आणि सुनेनंही तिच्याकडं पाहिलं नव्हतं.

पाऊस सरला की दीर यायचे. एकशेचाळीस मेंढ्या, खांद्यावर जाळी, काखेत घोंगडं. पंचक्रोशीत त्यांना लेंडीशेठ म्हणत. लोक आपापल्या शेतात त्यांच्या मेंढ्या रात्रभर बसवून घ्यायचे, लेंड्या आणि मूत मातीत मुरलं की पीक दुप्पट येतं म्हणायचे आणि बदल्यात धान्य द्यायचे. लग्न त्यांचं झालं नव्हतं. एकदा ठरता ठरता मोडलं, पुढं कुणी विषय काढला नाही, त्यांनीही काढला नाही. बोलणं बेताचं. थोरला भाऊ गेला त्या वर्षापासून ते पाऊस संपल्यावर पहिले चार महिने वहिनीच्या उतारावर मेंढ्या बसवायचे. जाळीचं गोल कुंपण रोवायचं, रात्री कळप आत घालायचा, स्वतः कडेला झोपायचं. चार महिने एकच जागा, पुढच्या वर्षी तिच्या शेजारची. कुणाच्या सांगण्यावरून नाही, कशाच्या बदल्यात नाही. सकाळी मेंढ्या चरायला निघाल्या की दाराशी यायचे, उंबऱ्याबाहेर उकिडवे बसून चहा प्यायचे, कप स्वतः विसळून ठेवायचे आणि जायचे. आक्का त्यांना भावजी म्हणायची.

केरसुण्यांची गोष्ट त्यांना सुनेकडून कळली. दोन दिवस ते काहीच बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी कप विसळता विसळता म्हणाले, "यंदा पाच महिने बसवतो. खत कमी पडलंय त्याला, दुसरं काही नाही."

एक महिना म्हणजे दुसऱ्यांच्या पाच शेतांचा दाणागोटा बुडाला. नको म्हणायला तिनं तोंड उघडलं, पण भावजी तोवर वाटेला लागले होते.

उन्हाळ्यात मातीवाल्या मॅडम, म्हणजे मातीचा अभ्यास करणाऱ्या बाई, आल्या. मोठ्या टोपीच्या, काटक, पन्नाशीच्या. जीपमधून उतरल्या त्या थेट उताराकडं गेल्या, मूठभर माती उचलून बोटांत चुरली आणि मग घराकडं येऊन नमस्कार केला. त्यांना हा उतार एका पावसापुरता हवा होता. देशी गवत आणि बाहेरचं गवत एकाच जागी शेजारी शेजारी वाढताना त्यांना बघायचं होतं. मदतीला कुणी आहे का, असं त्यांनी विचारलं. सुनेनं आतूनच "मी आहे" म्हटलं.

दोघींनी मिळून दोऱ्या ताणून चाळीस चौकोन आखले. काही चौकोनांत युरिया टाकला. काहींत काहीच नाही. आणि काहींत मॅडमनी भुसा मिसळून चक्क साखर पसरली. मुंग्यांचा उत्सव झाला. रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीवर त्या दिवशी दुसरा विषय नव्हता. भावजी तेव्हा लांबच्या गावी कुणाच्या शेतात होते, त्यांना ही बातमी तिथं पोचली. मॅडम बिनसाखरेचा चहा पितात हे ऐकून ते म्हणे म्हणाले, "मग बरोबर आहे, वाचवलेली टाकली असेल."

मॅडमनी सुनेला समजावलं ते सुनेनं रात्री जेवताना आक्काला सांगितलं. मातीत डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. त्यांना साखर आणि भुसा मिळाला की त्यांची भूक चाळवते आणि ते मातीतलं सगळं नत्र ओढून घेतात, गवताला उरू देत नाहीत. आक्काला नत्र माहीत होतं, युरियाच्या पोत्यावर तेच तर असतं. पण जमिनीला मुद्दाम उपाशी ठेवायचं, हे काही तिच्या गळी उतरेना. माणसं खत घालता घालता मरतात, आणि ही बाई काढून घेतेय. सुनेचा नवरा, म्हणजे आक्काचा मुलगा, शहराजवळच्या लाकडाच्या वखारीत कामाला होता. तो म्हणाला, भुसाच हवा तर वखारीत डोंगर पडलाय, कुणी फुकट न्यायला तयार नाही.

मग पाऊस झाला. सहा सरी, त्यातल्या दोन चांगल्या झोडपून. उतार हिरवा झाला. मॅडमनी दोन महिने तंबू ठोकला आणि सून त्यांच्याबरोबर रोज उतारावर असायची. चौकोनातलं गवत कात्रीनं कापायचं, सुयाळी वेगळी, सरकारी वेगळं, कागदी पिशव्यांत भरायचं, वाळवायचं, वजन करायचं. मॅडमपेक्षा तिचे हात दुप्पट चालायचे. एकदा मॅडम हसून म्हणाल्या की मी वीस वर्षं हेच करतेय आणि अजून मला कोवळेपणी दोन्हींतला फरक करायला चष्मा लागतो. सुनेनं हे घरी येऊन सांगितलं नाही. ते आक्काला मॅडमकडून कळलं. तिनं त्या रात्री पोरीच्या ताटात दोनदा वाढलं.

एका दुपारी सून जेवायला आली नाही म्हणून आक्का तिला बोलवायला वर चढली. गुडघ्यात कळ आली म्हणून माथ्यावरच्या खडकाला टेकून उभी राहिली आणि तिनं खाली पाहिलं.

आजवर ती ह्या उतारावर वाकूनच वावरली होती. पावसानंतर असं वरून, ताठ उभं राहून, तिनं कधी पाहिलंच नव्हतं. खालचा सगळा उतार फिकट हिरवा होता आणि त्यावर काळपट गर्द हिरवे गोल उमटले होते. एकाला एक लागून. तिनं बोटानं मोजले. चौदा. सगळ्यात खालचा घराजवळ, अगदी परसाला लागून. मग दुसरा, तिसरा, तिरके वर चढत आलेले. शेवटचा, गेल्या वर्षीचा, तिच्यापासून हाकेच्या अंतरावर, आणि सगळ्यात दाट. तिला प्रत्येक गोल ओळखू आला. ह्या गोलाच्या वर्षी पोराला गोवर निघाला होता. ह्याच्या वर्षी छप्पर बदललं. त्या पलीकडच्या वर्षी पाऊसच नव्हता, मेंढ्यांनी खडे चाटले. चौदाही गोलांत सुयाळीचा एक ठोंब नव्हता. नुसतं सरकारी, छातीएवढं.

मॅडम जवळ येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी पण ते आधीच पाहिलेलं असणार, कारण आक्कानं विचारायच्या आत त्या हळू आवाजात सांगू लागल्या. सुयाळी उपाशी मातीत जगायला शिकलेली आहे, थोडं थोडं खाऊन वर्षानुवर्षं टिकते. सरकारी गवत खादाड. मातीत नत्र नसलं की ते खुरटतं, म्हणून इतकी वर्षं ओढ्याकाठी अडून होतं. पण एकदा भरल्या ताटावर बसलं की पावसाचं पाणी पहिल्या आठ दिवसांतच पिऊन टाकतं आणि सुयाळीच्या डोक्यावर सावली धरतं. दुष्काळात लेंड्यांचं नत्र वापरलंच गेलं नाही, साठत राहिलं. पाऊस आला तेव्हा ते सगळं एकदम मिळालं.

"इथं मेंढ्या कोण बसवायचं?" त्यांनी विचारलं.

"घरातलेच," आक्का म्हणाली.

खाली उतरताना तिनं सुनेचा दंड धरला होता. अर्ध्यावर आल्यावर म्हणाली, "भावजींना ह्यातलं काही सांगायचं नाही."

"पण आई, ते दहा दिवसांनी येतील."

"सांगायचं नाही म्हटलं ना."

आठव्याच दिवशी ते आले. आक्काला घुंगरांचा आवाज लांबून आला. उताराच्या तोंडाशी, टपरीसमोर, जिथून मेंढ्या वर चढायच्या, तिथं ती जाऊन उभी राहिली.

"यंदा नको, भावजी," ती म्हणाली.

भावजींनी जाळी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"मॅडमचे चौकोन आहेत," आक्का पुढं म्हणाली. "त्यांना मेंढ्या चालत नाहीत."

"चौकोन त्या अंगाला आहेत. मी ह्या अंगाला बसवतो."

टपरीवरची चार माणसं कप हातात धरून ऐकत होती. आक्काला दुसरं कारण सुचेना आणि खरं कारण तोंडापर्यंत येऊ पाहत होतं. ते दाबायला जे हाताला लागलं ते तिनं पुढं केलं. "घरात वास येतो," ती म्हणाली. "सुनेला सोसत नाही."

नकळत भावजींनी मान वळवून स्वतःच्या सदऱ्याच्या खांद्याचा वास घेतला. मग शीळ घातली आणि कळप वळवायला लागले. पण कळप वळेना. पुढची म्हातारी मेंढी चौदा वर्षांची वाट कशी विसरेल. ती आक्काच्या बाजूनं निसटून वर चढली, तिच्यामागं वीसेक चढल्या. भावजींनी त्या खाली आणल्या, तोवर दुसऱ्या चढल्या. तीनदा असं झालं. शेवटी टपरीवरचे दोघंजण हसत हसत मदतीला उठले, आणि भावजी आपल्याच मेंढ्यांना हाकलत, घामाघूम होऊन, ओढ्याकडं निघून गेले.

घरात सून चुलीपाशी पाठ करून बसली होती. "मला कधी वास आला?" एवढंच ती म्हणाली.

त्यानंतर भावजी चहाला आले नाहीत. गावात जायला त्यांनी ओढ्याची लांबची वाट धरली. आक्का सकाळी सवयीनं एक कप जास्त चहा टाकायची आणि तो थंड झाला की स्वतः प्यायची. माथ्यावरची उरलीसुरली सुयाळी कापून तिनं नऊ केरसुण्या बांधल्या, नुसत्या सुयाळीच्या. शाळेला निरोप पाठवला की यंदा एवढ्याच आहेत, पुढच्या वर्षाचं सांगता येत नाही. हात चालत होते, पण मूठ आवळताना सुतळी दोनदा तुटली.

अकराव्या दिवशी सून म्हणाली, "तुम्ही सांगता का मी सांगू?"

"काय सांगू? चौदा वर्षं तुम्ही माझं गवत मारलंत, असं?"

"वास येतो म्हणण्यापेक्षा ते बरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का किटली घेऊन ओढा ओलांडून गेली. भावजी एका मेंढीचे खूर कापत बसले होते. मेंढी मांड्यांत आवळलेली, हातात वाकडा चाकू. आक्कानं किटली खाली ठेवली, पुढं होऊन मेंढीचं तोंड धरलं. धरायला कुणी असलं की खूर नीट कापले जातात. पहिला पाय झाला, दुसरा झाला. तिसऱ्या पायाला तिनं बोलायला सुरुवात केली. चौकोनांचं सांगितलं, युरियाचं सांगितलं, साखरेचं सांगितलं. मग गोलांचं. ती भावजींकडं न बघता मेंढीच्या कानाशी बोलल्यासारखं बोलत होती. भावजींचा चाकू एकदाही थांबला नाही.

चौथा पाय झाल्यावर त्यांनी विचारलं, "सगळंच गेलं?"

"वर आहे थोडं."

"दादा असताना दाराशी असायचं ते?"

"ते गेलं."

त्यांनी मेंढी सोडली. ती दोन उड्या मारून कळपात शिरली. भावजी चाकू पुसत राहिले, पुसून झाला तरी पुसत राहिले.

"खतासाठी नव्हतो बसवत मी," ते म्हणाले.

आक्कानं किटली जवळ ओढली.

"दादा गेला तेव्हा पोरगं आठ वर्षांचं. घर गावाबाहेर, मागं मोकळा माळ. घरात येऊन झोपलो असतो तर लोकांनी तुम्हाला जगू दिलं नसतं. मेंढ्या बसवायला कोण काय म्हणतंय? खताचं आपलं म्हणायला. मग सगळेच म्हणायला लागले, किती चांगलं खत पडतंय. मलाही तसंच वाटायला लागलं."

"माहीत होतं मला," आक्का म्हणाली.

त्यांनी वर पाहिलं.

"पहिल्याच वर्षी कळलं होतं. तुम्ही खोकायचात. तो खोकला ऐकला की मला झोप लागायची." तिनं किटलीचं झाकण काढलं. "चहा गार होतोय."

भावजींनी कप घेतला. दोन घोट पिऊन म्हणाले, "म्हणजे वास नाही येत."

"येतो की," आक्का म्हणाली. "पण आम्हाला चालतो."

भावजी हसले तेव्हा चहा त्यांच्या दाढीवर सांडला.

त्या दुपारी आक्का घराबाहेर आली तर भावजी उतारावर दिसले. सगळ्यात वरच्या गोलात, सरकारी गवत बाजूला सारून, हातात केरसुणी घेऊन ते वाळलेल्या लेंड्या झाडत होते. भलामोठा माळ, त्यावर एक म्हातारा माणूस वाकून केर काढतोय. टपरीवरून कुणीतरी ओरडून विचारलं की पाहुणे येणारेत का. भावजी झाडतच राहिले. संध्याकाळपर्यंत चार पोती भरली. मॅडम तंबू आवरत होत्या, त्या येऊन म्हणाल्या की हे चांगलंच, पण नत्र मातीत खोल गेलंय, ते झाडून निघायचं नाही. वरून भुसा घालून माती उपाशी करा. आणि सरकारी गवत कोवळं असतानाच, बी धरायच्या आत, कापून उताराबाहेर न्या. दरवर्षी. त्यानं जे खाल्लंय ते त्याच्याबरोबर बाहेर जाईल.

"किती वर्षं?" भावजींनी विचारलं.

मॅडमनी टोपी काढून डोकं खाजवलं. चौदा वर्षांचं आहे, त्या म्हणाल्या, लवकर होईल असं मी खोटं सांगणार नाही.

त्या हिवाळ्यात मुलानं वखारीतून बारा खेपांचा भुसा आणला. चौदा गोलांना काही तो पुरला नसता, म्हणून सगळ्यात जुने दोन निवडले, घराजवळचे. भावजी कुदळीनं माती उकरायचे, सून टोपलीनं भुसा ओतायची, आक्का बसून हातानं कालवायची. भुसा नाकात जायचा, पापण्यांवर बसायचा, तिघंही पीठ चोरताना पकडलेल्या चोरांसारखे दिसायचे. गावात चर्चा झाली, आक्काच्या घरी डोंगराला भुसा चारतायत. शाळेच्या शिपायानं एकदा थांबून विचारलं की ह्यातून नेमकं काय उगवणार. सून म्हणाली, कमी उगवणार, तेच हवंय. शिपाई बराच वेळ मान हलवत उभा होता.

पुढचा पाऊस बेताचा झाला. सरकारी गवत वर आलं तसं आक्का आणि सून विळे घेऊन उतरल्या. चौदाही गोल कापायचे होते. रोज सकाळी भारे बांधायचे, डोक्यावर घेऊन ओढ्यापलीकडं न्यायचे आणि भावजींच्या मेंढ्यांना घालायचे. मेंढ्यांना जे लागायचं ते मेंढ्यांना मिळालं, आणि लेंड्या पडायच्या त्या भावजींच्या तुकड्यात पडल्या. तिथं त्यांनी कधी नव्हे ती थोडी पेरणी केली आणि ती तरारून आली. आक्काचा गुडघा पाण्यातून जाताना कुरकुर करायचा, म्हणून भावजींनी ओढ्यात सपाट दगड टाकले. एक दगड डगमगायचा. तो त्यांनी तीनदा बसवला.

भुसा घातलेल्या दोन गोलांत गवत पिवळट राहिलं, गुडघ्याएवढंही झालं नाही. आणि पाऊस संपता संपता एका सकाळी सून धावत घरात आली आणि सासूला हाताला धरून परसात घेऊन गेली. सरकारीच्या पिवळ्या पात्यांमध्ये, उघड्या मातीत, बोटभर ठोंब होते. सुयाळीचे. वाऱ्यानं वरून आणलेल्या बियांचे असतील, नाहीतर इतकी वर्षं मातीत वाट बघत पडलेल्यांचे. सुनेनं ते मोजून ठेवले होते. सदतीस. आक्का खाली बसली आणि एका ठोंबाची काडी तिनं बोटाला गुंडाळून पाहिली. कोवळी होती, पण मोडली नाही. भावजींना बोलावणं गेलं. ते आले, कडेकडेनं फिरले, आत पाय टाकायची त्यांची छाती होईना. हे ह्या वर्षी कापायचे नाहीत, आक्का म्हणाली, पुढच्याही वर्षी नाही, बी पडू दे. भावजी म्हणाले, बारा गोल उरलेत, मी काही पुरायचो नाही एवढ्याला. सून म्हणाली, मी पुरेन.

आक्काचं केरसुण्यांचं काम थोडं झालं होतं, पण बंद पडलं नव्हतं. माथ्यावरच्या काडीचं जे होईल ते ती बांधायची. भारा घेऊन पलीकडं जायचंच तर रिकाम्या हातानं कशाला बसायचं, म्हणून ती काड्या आणि सुतळीही बरोबर न्यायला लागली. भावजींच्या छपराखाली सावली चांगली होती. ती मुठी बांधायची, ते लोकर निवडायचे. बोलणं फारसं व्हायचं नाही. कधी मेंढ्यांवरून, कधी दादावरून, कधी सून मॅडमबरोबर दुसऱ्या माळावर मोजणीला जाणार होती त्यावरून. पहिल्या दिवशी ती तासाभरात परतली. मग दुपारच्या जेवणाला परतायला लागली. मग सून न विचारता दोघांचं जेवण पलीकडंच पाठवायला लागली.

एका संध्याकाळी ऊन माथ्यावरून उतरलं, मेंढ्या जाळीत शिरल्या तरी आक्का आली नाही, म्हणून सून ओढा ओलांडून गेली. छपराच्या कडेला दोघं बसली होती, मध्ये रिकामी किटली. भावजी खोकत होते.

"आई, अंधार पडेल," सून म्हणाली.

"तू हो पुढं," आक्का म्हणाली. "एवढी मूठ बांधते आणि येतेच."

सुनेनं पाहिलं, आक्काच्या मांडीवर एकही काडी उरली नव्हती. ती बरं म्हणाली आणि ओढ्यातल्या दगडांवरून एकटीच परत निघाली.